अवघड शब्द शाबूत आहेत

माझ्या धाकट्या भावाला मी पहिल्यांदा रिंगमध्ये पाहिलं तेव्हा त्याची डावी भुवई फुटून कातडीचा तुकडा डोळ्यावर लोंबत होता आणि तो हसत होता. दात रक्तानं लाल. समोरचा त्याच्या बरगड्यांवर ठोशांमागून ठोसे घालत होता, पोत्यावर काठी हाणावी तसा धप्प धप्प आवाज येत होता, आणि माझ्या शेजारचा एक टकल्या शेंगा सोलता सोलता ओरडत होता, "डोक्यात घाल! डोक्यात!" मी त्याचा शेंगांचा पुडा हिसकावला आणि त्याच्याच डोक्यात घातला. दोन माणसांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यामुळे ती लढत भावानं जिंकली हे मला तो घरी आल्यावर कळलं.

आमच्या घरात सगळ्यांचेच हात शिवशिवतात, हे आधीच सांगून टाकते. माझं इस्त्रीचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत भाऊ, भावजय आणि त्यांची पोर. आईवडील लवकर गेले, याला मीच वाढवलं. वाढवलं म्हणजे जेवायला घातलं आणि बदडलं, दोन्ही वेळच्या वेळी. शाळा त्यानं सातवीत सोडली, कारण गणिताच्या मास्तरांनी कान पिळला तेव्हा यानं त्यांचा पिळला. मग बर्फाच्या कारखान्यात लागला. दिवसभर लोखंडी आकड्यानं बर्फाच्या लाद्या ओढायच्या आणि रविवारी दुपारी बंद पडलेल्या थिएटरात जाऊन माणसं झोडपायची. तिथे खुर्च्या काढून, पडद्यासमोर दोर बांधून रिंग केली होती. परवाना नाही, डॉक्टर नाही, डोक्याला टोप नाही. ते सगळं चालवणाऱ्या माणसाला लोक मालक म्हणत, म्हणून मीही मालक म्हणते. मनात दुसरं म्हणते.

एका रविवारी याच्या कानशिलावर असा ठोसा बसला की हा उभाच्या उभा आडवा झाला. पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या, काही नाही. हातगाडीवर घालून दवाखान्यात नेला. शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला तीन शब्द सांगितले, दोरी, खुर्ची, आंबा, आणि थोड्या वेळानं परत विचारले. याला फक्त खुर्ची आठवली. दुसऱ्या दिवशी तिन्ही आठवले, म्हणून सोडलं. सोडताना बाई म्हणाल्या, "डोक्याला असाच मार बसत राहिला ना, तर हळूहळू शब्द निसटायला लागतील. तेवढं होऊ देऊ नका. हा खेळ बंद करा."

दुसरा कुणी असता तर त्यानं खेळ बंद केला असता. माझ्या भावानं पुस्तक विकत आणलं. रद्दीवाल्याकडून, कव्हर फाटलेलं, उशाएवढं जाड. परदेशी शिकायला जाणारी मुलं परीक्षेसाठी घोकतात त्या अवघड इंग्रजी शब्दांचं, समोर मराठी अर्थ दिलेलं. मी म्हटलं, "हे काय नवीन सोंग?"

"ताई, बाई काय म्हणाल्या? शब्द निसटतात. मग आपण शब्दांवरच पहारा ठेवायचा. रोज पाच नवे पाठ करायचे, जुने घोकायचे. प्रत्येक लढत झाली की कुठलेही पाच विचारायचे. एक जरी चुकला तरी त्या दिवसापासून ग्लव्हज बंद. पोरीची शपथ."

"मग मराठी शब्द घे की. इंग्रजी कशाला?"

"मराठी काय पाठ करायचंय? ते आपल्याला येतंच. ते जाऊन जाऊन कुठे जाणार? जायचाच झाला तर नवा, अवघड, परका शब्द आधी जाईल. तो राहिला म्हणजे बाकीचं सगळं शाबूत आहे, हे उघडच आहे ना."

उघडच होतं. मला पटलं, भावजयीला पटलं, त्याच्या कोचला तर इतकं पटलं की तो बाकीच्या पोरांनाही पुस्तकं आणा म्हणून मागे लागला. आम्हा सगळ्यांची डोकी मिळून अर्धा डॉक्टर झाला नसता, पण अक्कल कमी पडतेय असं कुणालाच वाटलं नाही.

तर असं सुरू झालं. पहाटे कारखान्यात जायच्या आधी हा पठ्ठ्या पलंगावर बसून घोकायचा. खालपर्यंत ऐकू यायचं. "ऑब्स्ट्रेपरस, दंगेखोर, आवरता न येणारा. पल्व्हराइज, चुरा करणं, पीठ करणं." बर्फ ओढताना पुटपुटायचा, दोरीवरच्या उड्या मारताना पुटपुटायचा. उच्चार शिकवायला कुणी नव्हतं, तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या बँकवाल्याला जिन्यात गाठून विचारायचा. बँकवाला बिचारा पिशवी छातीशी धरून भिंतीला लागायचा. समोर सुजलेल्या डोळ्याचा माणूस उभा आणि विचारतोय काय, तर 'मॅग्नॅनिमस' कसं म्हणायचं. एकदा मला म्हणाला, "ताई, तू बेलिजरंट आहेस."

"म्हणजे?"

"भांडखोर."

"ते सांगायला इंग्रजी कशाला लागतं रे? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

लढत संपली की भावजय पुस्तक घेऊन रिंगच्या कोपऱ्यात जायची. हा स्टुलावर बसलेला, कोच एका हातानं भुवईवर बोळा दाबतोय, दुसऱ्या हातानं ग्लव्ह ओढतोय, आणि भावजय शब्दाखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावतेय. हा तिला पुरतं वाचूही द्यायचा नाही. तोंडातलं रक्त बादलीत थुंकायचा आणि अर्थ सांगून मोकळा. पाचच्या पाच. मग ती पुस्तक मिटून मोठा श्वास सोडायची. रात्री उशी ओली व्हायची तिची, ते वेगळं, पण पुस्तक मिटताना तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. नवरा जिवंत आहे आणि शहाणा आहे, दोन्ही एकदम कळल्यासारखा.

मालकाला यात धंदा दिसला नसता तर नवलच. त्यानं कोपऱ्यात माइक आणून ठेवला. लोक मारामारीइतकीच या परीक्षेची वाट बघायला लागले. याला नाव पडलं डिक्शनरी. भिंतीवर पत्रकं लागली, डिक्शनरी विरुद्ध अमुक, डिक्शनरी विरुद्ध तमुक. हाही चढला. घंटा होण्याआधी माइक हातात घेऊन समोरच्याला एक शब्द फेकून मारायचा. एकदा एका ट्रक ड्रायव्हरला म्हणाला, "पुसिलॅनिमस!" त्याचा अर्थ भित्रा, भेकड. ड्रायव्हरला वाटलं आईवरून शिवी दिली. तो घंटेची वाट न बघता धावून आला आणि त्यानं याच्या नाकावर डोकंच हाणलं. नाक बाजूला सरकलं. मग यानं त्या ड्रायव्हरला दोरांपाशी दाबून इतका ठोकला की जबडा निखळून एका बाजूला लटकायला लागला, आणि तरी हा थांबेना. कोचनं आणि दोघांनी मिळून मागे ओढला. ड्रायव्हर पुढे कित्येक दिवस नळीनं पातळ पीत होता असं कळलं. त्या दिवशीही याचे पाचही शब्द बरोबर आले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

असं बरंच चाललं. पुस्तकाची पानं सुटी झाली, मीच ती शिवून दिली. हजारावर शब्द झाले असतील. आणि एवढ्या काळात घरात काय चाललंय ते आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही. दिसणार कसं? आपल्या घरात निम्मं बोलणं कशावर चालतं? "अगं, ते हे आण." "त्या ह्याच्यावर ठेवलंय बघ." "तो हा आला होता, त्याचा तो." मी बोलते, भावजय बोलते, सगळं जग बोलतं. मग भाऊ "ते हे दे" म्हणाला तर कोण कान टवकारणार? ती हे पुढे करायची आणि तो घ्यायचा. संसार असाच चालतो.

मला कळलं ते दुकानात. कपड्यांचा ढीग पडला होता, माझी पाठ धरली होती, म्हणून तो मदतीला खाली आला. मी गिऱ्हाइकाशी बोलत होते. तो मागून म्हणाला, "ताई, ते कुठंय? ते?"

"ते काय?"

"ते गं. कपड्यांवर फिरवतात ते. गरम."

मी हसले. वाटलं, चेष्टा करतोय. इस्त्रीच्या दुकानात जन्म गेला, त्याच इस्त्रीचा लहानपणी त्याच्या पोटरीवर चटका बसलाय, डाग अजून आहे. मी वळून पाहिलं तर तो चेष्टा करत नव्हता. कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत, आणि शब्द येत नाही. मी म्हटलं, "इस्त्री?" तो म्हणाला, "हां, तीच." आणि कामाला लागला. मी गिऱ्हाइकाला कुणाचे तरी दुसऱ्याचेच शर्ट देऊन टाकले.

त्याच संध्याकाळी मी वर गेले. जेवणं व्हायची होती. मी जमिनीवर वस्तू मांडल्या आणि त्याला म्हटलं, "चल, आज माझी परीक्षा. हे काय?"

"हे काय पोरखेळ चाललेत ताई?"

"सांग ना. येत असेल तर सांग."

चमचा उचलला. तो म्हणाला, "जेवायचं." म्हटलं, जेवायचं ते खरं, पण नाव काय? तो नुसता बघत राहिला. कात्री. "कापतो ती." उशी. "डोकं ठेवतो ना आपण." कंगवा घेतला तर त्यानं केसांवरून हात फिरवून दाखवला. पोरीला वाटलं खेळ आहे. ती टाळ्या पिटत सुटली, "बाबांना उशी येत नाही! बाबा, उशी! उशी!"

तो उठला. बादलीला लाथ घातली, ती भिंतीवर आपटून पिचली. पाणी सगळ्या खोलीभर. मग ताटं, मग फडताळ. फडताळ त्यानं खेचून आडवं केलं आणि आतल्या काचांचा खच पडला. पोर किंचाळायला लागली. भावजय मध्ये आली, त्याचा दंड धरला, त्यानं झटकलं आणि कोपर तिच्या तोंडावर बसलं. पुढचा दात तुटला. ती खाली बसली, बोटांच्या फटींतून रक्त गळतंय. आजवर घरातल्या बाईमाणसावर त्याचा हात उठला नव्हता. मी पोळपाट उचलून त्याच्या पाठीत घातला. त्याला तो लागलाही नसेल. त्यानं पुस्तक घेतलं आणि माझ्या अंगावर फेकलं.

"विचार! कुठलाही विचार! डोकं गेलंय म्हणतेस? विचार ना! मॅग्नॅनिमस, उदार मनाचा! लॅसिरेट, फाडणं, चिरणं! इफेमरल, क्षणभंगुर! अजून? अजून सांगू?"

बायको समोर रक्त ओकतेय, काचांत पोर उभी आहे, आणि हा छाती बडवून एकेक शब्द ओरडतोय, सगळे बरोबर. एकही चुकला नाही. मला त्याची कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "रोज घासलेली भांडी लखलखीतच राहणार. त्यांनी ते हजार शब्द रोज घासले. बाकीची भांडी कुणी मोजली का?" नव्हती मोजली. मोरीला बोळा नि दरवाजा मोकळा, तसली आमची गत. इतके दिवस आम्ही मोरीपाशी पहारा दिला आणि दरवाजातून घर धुऊन चाललं होतं.

मी विचारलं, "गेलेलं परत येईल?"

"गेलेलं नाही येणार. पण थांबले तर राहिलेलं बरंचसं राहील. थोडं पुढे-मागे जाईल, पण माणूस राहील. आणखी एक जबर मार बसला तर मात्र मी काहीच सांगू शकत नाही."

आणि पुढच्याच रविवारी त्याची लढत खाटकाशी होती. तो खरोखरच खाटीक होता, मटणाच्या दुकानात खुरांसकट जनावर एका हातानं आकड्याला लावणारा. त्याच्या हातून रिंगमध्ये दोघं आडवे झाले होते. एक उठला होता, एक अजून उठला नव्हता. मालकानं सगळं शहर पत्रकांनी भरून टाकलं होतं.

मी भावासमोर बसले आणि बाई जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी हळू कधी बोलले नव्हते. तो शांतपणे ऐकत होता. बायकोच्या सुजलेल्या ओठाकडे बघायला त्याला लाज वाटत होती, म्हणून खाली बघत होता.

"एखादा शब्द अडतो ताई. कुणाचा अडत नाही? तूच दिवसाला शंभर वेळा 'ते हे' म्हणतेस."

"मला विचारलं तर सांगता येतं."

"ठरलं काय होतं? पाच शब्द. चुकले की सोडीन. माझं ठरलेलं मी मोडत नाही, तुम्हीही मोडू नका."

कोचकडे गेले तर तो म्हणाला, "अहो बाई, मला त्यातला एकही शब्द येत नाही. म्हणजे माझं डोकं गेलं का?" मी म्हटलं, गेलंच आहे. त्यानं मला जिना दाखवला.

मग भावजयीनंच मार्ग काढला. शनिवारी सकाळी तिनं त्याचा सराव घ्यायला पुस्तक उघडलं. तिसऱ्या शब्दाला म्हणाली, "चुकलं."

"काय चुकलं?"

"अर्थ वेगळा दिलाय इथे."

त्यानं पुस्तक तिच्या हातातून घेतलं, ओळीवर बोट ठेवलं, वाचलं. त्याचं बरोबर होतं. त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं, ओरडला नाही, हातही उचलला नाही. जिन्यात जाऊन भिंतीवर ठोसे मारत राहिला, प्लास्टर खाली पडेपर्यंत, बोटांची सालं निघेपर्यंत. वरच्या मजल्यावरची माणसं दारं लावून बसली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मी हरले. आता तुम्ही काहीतरी करा. काहीही करा." 'काहीही' म्हणताना तिनं माझ्या डोळ्यात पाहिलं होतं.

रविवारी सकाळी मी दुकान उघडलं नाही. समोरच्या पानवाल्याला हाताशी घेऊन शटर अर्ध्यावर ठेवलं. आमचं शटर जुनं, अस्सल लोखंडी, स्प्रिंग कधीच गेलेली. वर लोटायला दोन माणसं लागतात आणि आकडीच्या दांडीनं धरून ठेवावं लागतं, नाहीतर धाडदिशी खाली येतं. मी भावाला हाक मारली. तो थिएटरात जायच्या तयारीत होता, खांद्यावर पिशवी, ओठ पुटपुटताहेत.

"अरे, उंबऱ्यातलं कडीचं भोक बुजलंय. कडी बसत नाही. जरा तार घालून साफ करून दे. मी शटर धरते."

त्यानं पिशवी ठेवली. गुडघ्यावर बसला. डाव्या हातात तार आणि उजवा हात उंबऱ्यावर पालथा टेकलेला, त्यावर सगळा भार. कालची सालं निघालेली बोटं. तो हात मी लहानपणी धरून शाळेत नेला होता, त्याच हाताला औषध लावलं होतं, त्याच हातावर छड्याही मारल्या होत्या. त्यानं वर न बघता विचारलं, "ताई, धरलंयस ना नीट?"

"धरलंय."

मी दांडी काढली, शटरच्या कडेला लोंबकळले आणि अंगातला सगळा भार घालून ते खाली ओढलं.

आवाज दोन झाले. लोखंडाचा मोठा आणि त्याच्या आत एक बारीक, सुकी काटकी मोडल्यासारखा. तो "आई गं!" म्हणून असा ओरडला की समोरचा पानवाला टपरीतून पडता पडता वाचला. शटरच्या खालून रक्त उंबऱ्यावरून पायरीवर आलं. मी एकटीनं ते शटर वर लोटलं. कसं लोटलं ते मला आजही सांगता येणार नाही, एकटीनं ते उचलतच नाही. हाताची चार हाडं मोडली होती, मधल्या बोटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. त्यानं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अपघात झालाय असं त्याला एक क्षणही वाटलं नाही. माझ्या हातातली दांडी त्याला दिसत होती.

डाव्या हातानं त्यानं माझ्या कानशिलात मारली. मी पायरीवरून रस्त्यावर पडले. माझा तो कान आता वाजतो, त्याला मी काही म्हणत नाही. डाव्या हातानंच मारली, हे मला पडल्या पडल्याही बरं वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला, माझा सुजलेला कान पाहिला, आणि काही विचारलं नाही. म्हणाल्या, "या हातानं आता ठोसा मारता येणार नाही." मी म्हटलं, "बरं."

दुपारी मालकाची माणसं आली. त्यांनी काउंटर फोडलं, इस्त्र्या रस्त्यावर आपटल्या, लोकांचे धुतलेले कपडे गटारात टाकले. एकानं माझे केस धरून मला त्याच शटरवर आपटलं. कपाळाला खोक पडली. "डिक्शनरीचा हात मोडतेस? मालकाचा किती तोटा झाला कळतंय का?" मी त्याच्या तोंडावर थुंकले. मग आणखी मार पडला. गल्लीतलं एकही माणूस मध्ये आलं नाही, पण रात्री बँकवाला लपत छपत मलम देऊन गेला.

खाटकासमोर त्या दिवशी ऐनवेळी एका वेल्डरला उभा केला. तरणाबांड पोरगा, रिंगमध्ये दुसरीच वेळ. त्याला चादरीत उचलून बाहेर काढला. तो अजून आहे, म्हणजे श्वास आहे. त्याची आई त्याला चमच्यानं भरवते. एकदा ती माझ्या दुकानात चादरी इस्त्रीला घेऊन आली होती. मी तिच्याकडे वर मान करून बघू शकले नाही, आणि का बघू शकले नाही ते तिला ठाऊक नव्हतं.

भाऊ आता कारखान्याच्या फाटकावर बसतो, गाड्या आत-बाहेर सोडायला. हात वाकडाच जुळला. मूठ वळत नाही, पण कप धरता येतो. पुस्तक त्यानं फेकलं नाही. अजूनही पहाटे घोकतो, सवयीनं. अवघड शब्द शाबूत आहेत. बाकीचे काही आणखी गेले. बाई म्हणाल्याच होत्या, थोडं पुढे-मागे जाईल. पण भावजयीला तो "अगं" म्हणतो, पोरीला "पोरी" म्हणतो, तिला सायकल शिकवताना मागून धावतो, पडली की हसतो. रविवारी दुपारी तो घरी झोपलेला असतो. त्याच्या घोरण्याचा आवाज खाली दुकानात येतो, तेव्हा मी इस्त्री बाजूला ठेवून ऐकते.

माझ्याशी तो बोलत नाही. मी चहा नेला तर घेतो. कप रिकामा झाला की पुढे सरकवतो. काही हवं असेल तर माझ्याकडे बघत उभा राहतो, ओठ हलतात, आणि मग स्वतःच जाऊन शोधतो. त्या सकाळी शटर धरलंयस ना म्हणून विचारलं, त्यानंतर त्याच्या तोंडून ताई हा शब्द मी ऐकलेला नाही.

भावजय म्हणते, "एकदा सरळ विचारून बघा ना, की मी कोण. कळून जाईल." पोरगीही म्हणते. मी नाही विचारणार. विचारलं आणि त्यानं हात हलवून काही दाखवलं तर मी काय करू? तो माझ्यावर रागावलाय असं मी धरून चालले आहे. त्याचा हात मोडला, त्याचं नाव गेलं, पत्रकं गेली, टाळ्या गेल्या. रागवायला त्याच्याकडे पुष्कळ आहे. रोज सकाळी वर चहा घेऊन जाताना मी जिन्यात थांबते आणि मनात म्हणते, रागच असू दे. मरेपर्यंत असू दे, पण रागच असू दे.